हवालदार

वाघापूर रस्त्याकडच्या आमच्या वस्तीत ज्या काकाजींना सगळे हवालदार म्हणतात, त्यांचा पोलीस खात्याशी संबंध आयुष्यात एकदाच आला. रात्री साडेदहाची वेळ. एका नव्या बंगल्याच्या भिंतीला लागून, पायाखाली चार विटा रचून, काकाजी बाथरूमच्या व्हेंटिलेटरवर बॅटरी मारत उभे. गस्तीवरच्या शिपायानं हटकलं. दुसरा कोणी असता तर विटांसकट आडवा झाला असता. काकाजी खाली न उतरता म्हणाले, "बरं झालं आले तुमी. ह्या पट्ट्या पाहा साहेब. उलट्या बसवल्या हायेत. पावसाचं सारं पानी अंदर."

शिपायानं मान वाकडी करून पाहिलं. पट्ट्या खरंच उलट्या होत्या. बाहेरची कड वर, आतली खाली. म्हणजे पावसाला आत उतरायला घसरगुंडीच. मग दोघांनी मिळून घरमालकाला उठवलं. घरमालक त्या रात्री जे बोलला ते छापण्यासारखं नाही, पण पुढच्या रविवारी पट्ट्या सुलट झाल्या आणि काकाजी हवालदार झाले. कायद्याचे नव्हेत, हवेचे.

एका सरकारी खात्यात ते ट्रेसर म्हणून लागले आणि ओव्हरसिअर होऊन निवृत्त झाले. शरीर कूलरच्या गवतासारखं, वाळलेलं आणि कुठूनही वारा आरपार जाईल असं. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. वरच्या खिशात तीन मीटरचा टेप, काडेपेटी आणि उदबत्तीचा अर्धा पुडा. या पुड्यामुळे नवख्या माणसाची फसगत होते. वास्तुशांतीला हे गृहस्थ येतात, चपला काढतात, उदबत्ती पेटवतात, डोळे बारीक करून धुराकडे एकटक बघत घरभर हळूहळू फिरतात. बायका डोक्यावर पदर घेतात. यजमान मागोमाग हात जोडून चालतात. काकाजी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात थबकतात, धूर जागच्या जागी वेटोळं घालून बसलेला पाहतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "मेली."

"कोन मेली?" यजमानांच्या आईचा जीव घाबराघुबरा.

"हवा. ह्या कोपऱ्यात हवा मेली. येते इकून, पन जाईन कुठी?"

मग उदबत्ती गणपतीपुढं खोचून जेवायला बसतात. पुरणपोळ्या मात्र चार खातात. हवा मेल्याचं सुतक त्यांना लागत नाही.

हे वेड कुठून आलं याची कथा त्यांनी मला तीनदा सांगितली आहे आणि तिन्ही वेळा सारखीच, म्हणजे खरी असावी. त्यांच्या शाळेचे वर्ग जुन्या धाटणीचे होते. उंच भिंती, वर छताजवळ आडव्या अक्षावर फिरणारी झडप आणि तिला खालपर्यंत आलेली सुताची दोरी. दोरी ओढली की झडप उघडायची, सोडून खुंटीला गुंडाळली की मिटायची. वर्गातल्या हुशार मुलाला मॉनिटर करत. काकाजींना दोरी मिळाली. "मॉनिटर पोट्टे गप बसवे. मी हवा चालू-बंद करो. आता सांगा, मोठा कोन?" एप्रिलच्या सकाळच्या शाळेत दहा वाजता झडप उघडली की छताखाली साठलेली ऊन हवा वरून निघून जायची आणि दारातून थंड झुळूक पायांशी यायची. गरम हवा वर चढते हे बाकीची मुलं पुस्तकातून शिकली, हे दोरीच्या टोकाला शिकले. पुढे कधीतरी त्या वर्गात पंखे आले, झडपांना खिळे ठोकले, दोऱ्या कापून कुणी विहिरीच्या बादलीला लावल्या. काकाजींच्या आवाजात इथं नेहमी किंचित ओल येते. ती कुठल्या पट्टीवरून आत शिरते कोण जाणे.

आपल्याकडे घराच्या भोकांना शब्दांची वाण नाही. खिडकी, झरोका, जाळी, धुराडं, माळवदाला सवणं आणि संस्कृतात गेलात तर गवाक्ष, म्हणजे चक्क बैलाचा डोळा. तिरप्या पट्ट्यांच्या झडपेला मात्र बाजारात लूव्हर हाच शब्द चालतो. युरोपात जुन्या काळी मोठ्या दालनाच्या मध्यभागी आगटी असे आणि धूर जायला छपरावर बाजूनं उघडा, फळ्याफळ्यांचा मनोरा असे, त्याचं हे नाव. म्हणजे आपलं धुराडंच, फक्त इंग्रजी शाळेत गेलेलं. काकाजी मात्र कूलरपासून सुरुवात करतात. विदर्भातल्या माणसाला काही समजवायचं तर कूलरपासूनच सुरू करावं.

"कूलरच्या तीन बाजूले पत्रा राहते. त्याले चिरा मारून तिरप्या केलेल्या पट्ट्या राहते. आतून गवतावरून पानी गयते, तरी भायेर शिंतोडा येत नाई आन् हवा मात्र सुरसुर आत. काहून? पट्टीचा उतार आतल्या बाजूनं हाय. पानी घरंगळून पुन्हा टाकीत. घराले याच्या उलटं. घरात पाऊस भायेर ठेवाचा, म्हनून उतार भायेर. येवढंच शास्त्र. पन तुमच्या आर्किटेक्टले इचारा."

याचा पुढचा भाग म्हणजे कूलर लावून समोरची खिडकी बंद करणारी माणसं. हा त्यांच्या दृष्टीनं फौजदारी कायद्यात घालायचा गुन्हा. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ वर गेला की हवालदारांची गस्त दुपारी असते. कुणाच्या घरी कूलर घरघरतो आहे आणि समोरची खिडकी बंद आहे असं दिसलं की ते बेल दाबतात. दार उघडणारा घामानं चिकचिकलेला असतोच. "फुगा हाय का घर? भरून रायले तं भरूनच रायले! निघाले जागा ठेवा ना बाप्पा." खिडकी वीतभर उघडली की खोली पाच मिनिटांत थंड होते. लोक मानतात, पण आभार मानत नाहीत. झोपमोड झालेली असते.

भाचीसाठी वणीला स्थळ पाहायला गेले होते. मुलगा नोकरीतला, घर स्वतःचं, शेत बारमाही ओलिताचं. घरी परतल्यावर सगळ्यांनी विचारलं, कसं वाटलं? "नाई जमत." का? "सैपाकघराले एकच भोक. तेबी फ्रिजच्या मांगं." त्यातून वणी म्हणजे कोळशाच्या खाणी, चुनखडी आणि रस्त्यावर ट्रकांची रांग. "भोक ठेवलं तं धूड येते, नाई ठेवलं तं फोडणीचा ठसका. पोरीनं कराचं काय?" भाची शहाणी निघाली. तिनं फ्रिज हलवण्याच्या अटीवर होकार दिला. याद्यांवर सह्या होताना ही अटही तोंडी का होईना, घालण्यात आली. आहेर म्हणून मामांनी लग्नात एक्झॉस्ट फॅन दिला. मागं लोंबत्या पाकळ्यांची झडप असलेला. पंखा चालला की पाकळ्या वाऱ्यानं उचलल्या जातात, थांबला की आपल्या वजनानं मिटतात आणि बाहेरची धूळ बाहेर राहते. भाची आजही सांगते की सगळ्या आहेरात रोज उपयोगी पडणारी वस्तू तेवढीच.

जानेवारी २०१९ मध्ये ९२ वं साहित्य संमेलन यवतमाळात भरलं. उद्घाटकांचं निमंत्रण मागं घेण्यावरून अख्खा महाराष्ट्र पेटला होता. संध्याकाळी कट्ट्यावर दोन तट पडून कडाक्याचं भांडण झालं. शेवटी कुणीतरी काकाजींना विचारलं, तुमचं मत काय? ते तिन्ही दिवस मांडवात बसून आले होते. म्हणाले, "येवढी मान्सं बोलून रायली होती. उच्छ्वास किती झाला असन, कोनी मोजला का?"

'मोजा' हा त्यांचा गुरुमंत्र. कुणी म्हणालं, खोलीत गुदमरतं हो. "बोलू नका. मोजा." टेप निघतो. खोली १२ बाय १०, म्हणजे १२० चौरस फूट. राष्ट्रीय इमारत संहितेत कोरड्या-उष्ण मुलखासाठी खोलीच्या जमिनीच्या किमान दहावा हिस्सा उघडी जागा सांगितली आहे आणि दमट-उष्ण मुलखासाठी सहावा. आपण कोरडे, म्हणजे १२ चौरस फूट. मोजायला गेलं की खिडकी भरते चार बाय तीन, बरोब्बर बारा. घरमालक विजयी मुद्रेनं पाहतो. मग काकाजी सरकत्या काचेकडे बोट दाखवतात. "ही सरकवली तं अर्धीच उघडते. सहा. त्याले मच्छरजाळी. धुतली कधी? दिवाळीले? मंग तीन धरा." घरमालकाला चारचाही आकडा गाठता येत नाही.

२०२० साल आलं आणि सगळ्या देशाच्या तोंडी एकच शब्द झाला, व्हेंटिलेटर. काकाजींना पहिले दोन दिवस वाटलं, आपलं युग आलं. तिसऱ्या दिवशी कळलं की हा व्हेंटिलेटर वेगळा. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्याबरोबर यवतमाळलाही रुग्ण झपाट्यानं वाढले, पुन्हा निर्बंध आले, वस्तीतली दोन घरं कायमची रिकामी झाली. त्या काळात हा माणूस एकदाही चेष्टेनं बोलला नाही. तोंडाला रुमाल बांधून लोकांच्या अंगणात उभा राहायचा आणि बाहेरूनच ओरडायचा, "वरचं उघडा! वरचं व्हेंटिलेटर उघडा!" फॉल्स सीलिंगच्या वर गाडली गेलेली व्हेंटिलेटरं कशी उघडणार? फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ मध्येच लिहून ठेवलंय की रोग्याच्या खोलीतली हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवणं हे शुश्रूषेचं पहिलं काम. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "बाई हुशार होती. कोन्या खात्यात होती?" मग जरा वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "घराले व्हेंटिलेटर असते ना मास्तर, तं काई मान्साले लागलं नसतं."

आणि मग मी घर बांधायला काढलं.

प्लिंथ होण्याआधी काकाजी हजर. मी त्यांना बोलावलं नव्हतं, पण हवेलाही कोणी बोलावत नाही. नकाशा त्यांनी उलटा धरला आणि कुठून वारा येतो ते जमिनीवर चुन्यानं आखलं. मग मला विचारलं, "प्रत्येक भोकाचं नाव सांगा आन् मले सांगा, त्यातून येऊ काय द्याचं आन् अडवाचं काय?"

मी म्हणालो, हवा येऊ द्यायची, बाकी सगळं अडवायचं.

"बाकी सारं म्हन्जे? पाऊस, धूड, मच्छर, चिमनी, चोर, शेजाऱ्याची नजर, का आवाज? मास्तर, सारं अडवनारी एक गोष्ट हाय. तिले भिंत म्हन्तेत."

इथून पुढचा सगळा गोंधळ या वाक्याभोवतीच झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही लूव्हर घ्यायला गेलो. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, लूव्हर दाखव. त्यानं चटकन कोळशाच्या रंगाचे, उभ्या पन्हळीचे लांबच लांब पॅनल काढून भिंतीला टेकवले. "कोणता शेड काका? टीव्हीच्या मागं लावायचे ना?"

काकाजींनी पॅनलवर बोटाची गाठ वाजवली. टक्‌टक्‌. मागं भोक नाही, फट नाही, काही नाही. नुसती चिकटवायची नक्षी. "याले लूव्हर म्हन्ते?"

"हो काका, चारकोल लूव्हर. ट्रेंडिंगमध्ये आहे."

"आन् हवा? टीव्हीतून येईन?"

मुलगा बिचारा एसीचा कॅटलॉग आणायला गेला. परतीच्या वाटेवर काकाजींनी मुख्य रस्त्यावरच्या दुकानांच्या दर्शनी भागांकडे बोट दाखवत मला एकेक आरोपी दाखवला. तिरप्या पट्ट्या, मागं सलग काच. तिरप्या पट्ट्या, मागं वीट. "हे लूव्हर नोहे. कपायाले लावलेली टिकली हाय."

शेवटी दारव्हा रस्त्यावरच्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात खरा माल सापडला आणि तिथं जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. चार नमुने टेबलावर ओळीनं मांडले. पहिला, बाथरूमला सगळीकडे असतो तो, अ‍ॅल्युमिनियमच्या खाचांत बसवलेल्या काचेच्या पट्ट्यांचा. दांडी ओढली की उघडतो, मिटतो. दुसरा, साधा, ४५ अंशांत पक्क्या बसवलेल्या पट्ट्यांचा. तिसरा, पट्टीला मधोमध घडी घातलेला, छपराच्या आढ्यासारखा. चौथा मालकानं नागपूरहून नमुन्याला आणून ठेवला होता. त्याच्या प्रत्येक पट्टीच्या बाहेरच्या कडेला बोटभर पन्हळ होती. पट्टीवर पडलेलं पाणी पन्हळीतून बाजूच्या चौकटीत जातं आणि चौकटीतून खाली उंबऱ्यावर. पुढच्या पट्टीवर थेंब टपकत नाही.

काकाजींनी मालकाचा टेबल फॅन मागितला. पोऱ्याला बागेची झारी आणायला पिटाळलं. मला नमुन्याच्या मागं उभं केलं आणि माझ्या हातात कालचा पेपर उघडून दिला. "थेंब मोजा."

मालक फॅनसमोर झारी धरून पाऊस पाडतोय, काकाजी वेग बदलतायत आणि मी पेपरवरचे डाग मोजतोय. रस्त्यावरची गर्दी वाढत गेली. कुणीतरी विचारलं, शूटिंग आहे का? साध्या ४५ अंशांच्या पट्टीनं पहिल्या वेगाला एकही थेंब आत येऊ दिला नाही. तिसऱ्या वेगाला अग्रलेख भिजला. घडीच्या पट्टीनं पाणी छान अडवलं, पण उदबत्ती धरली तर धूरही बराचसा परत फिरला, कारण हवेला त्या वळणात वाट तुटपुंजी. काचेची पट्टी मिटली तर कोरडी ठणठणीत. "मिटली तं दगडबी कोरडा राह्यते," काकाजी म्हणाले. शिवाय त्यांनी मालकासमोरच दोन बोटांनी एक काच खाचेतून सर्र्कन उपसून काढली. "चोराले येवढंच काम. आवाजबी नाई." पन्हळीच्या पट्टीला तिसऱ्या वेगालाही राशिभविष्यावर चारच थेंब आले. कन्या राशीवर.

मी म्हटलं, ठरलं, चौथा.

"थांबा." त्यांनी माझ्या बाजूनं दुसरा पंखा उलटा लावला, माझ्याकडे हवा ओढून घेणारा. पुन्हा झारी. आता पन्हळीच्या पट्टीतूनही पाण्याची बारीक फवार आली आणि माझा चष्मा भिजला. "पायलं? पंखा हवा ओढते तं पानीबी ओढते. भोक लहान केलं की वारा जोरात घुसते, आन् जोरात घुसला की पावसाले खांद्यावर बसवून आनते. म्हनून भोक मोठं ठेवाचं. वारा सावकाश आला पाह्यजे, पाव्हन्यासारका."

नंतर मी वाचलं तेव्हा समजलं की युरोपात या गोष्टीची रीतसर परीक्षाच असते. एक मीटर बाय एक मीटरचा नमुना, तासाला ७५ मिलिमीटर पाऊस, सेकंदाला १३ मीटर वारा, आणि आतून हवा ओढायचा वेग वाढवत नेत मोजतात की पाणी किती शिरलं. ९९ टक्के अडवलं तर पहिला वर्ग, ८० च्या खाली गेलं तर शेवटचा. म्हणजे झारी, टेबल फॅन आणि कालचा पेपर, फक्त जास्त खर्चात. हे काकाजींना सांगितलं तेव्हा ते खूश झाले नाहीत. "तेरा मीटर म्हन्जे ताशी किती?" सुमारे ४७ किलोमीटर, मी म्हटलं. "आपल्याकडं मिरगाच्या आंधीत याच्याहून जास्त असन." युरोपाची परीक्षा त्यांना सोपी वाटली.

मोकळ्या जागेचा हिशेबही त्यांनी तिथंच, दुकानाच्या पाटीमागं खडूनं मांडला. २ बाय २ चं भोक, ४ चौरस फूट. "चौकट खाते. पट्टी खाते. जाळी खाते. हातात दीड फूट येते." मग माझ्याकडे पाहून डोळा बारीक केला, "मी एका खात्यात होतो मास्तर. खाते म्हन्जे काय ते मले इचारा." जाळीवर त्यांचा विशेष राग. बारीक मच्छरजाळी लावली की निम्मी हवा जागीच जाते आणि धूळ बसली की उरलेलीही. पट्ट्यांमागं अर्ध्या इंचाची चिमणीजाळी पुरे, डासांसाठी मच्छरदाणी आहे.

असं एकेक भोक ठरत गेलं. पश्चिमेच्या बाथरूमला पन्हळीच्या पट्ट्या, कारण आपला पाऊस तिकडूनच झोडपतो. शेजाऱ्याकडे तोंड असलेल्या संडासाला घडीच्या, कारण तिथं नजर अडवायची आणि हवा थोडी कमी चालते. जिन्यावरच्या खोलीला चारही बाजूंनी साध्या. सगळ्या घरातली ऊन हवा जिन्यातून वर चढून तिथून जाणार. "ते आपलं धुराडं," असं म्हणून त्यांनी त्या रिकाम्या जागेकडे असं पाहिलं की मला शाळेतली दोरी आठवली.

याच सुमारास माझे थोरले भाऊ राळेगावकडच्या गावाहून आले. भाव चढेपर्यंत कापूस घरात भरून ठेवायची आपल्याकडची रीत. मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस, घरातली सगळी माणसं अंगभर खाजवत ओसरीत झोपतात. भाऊ म्हणाले, खोलीला काहीतरी हवेची सोय करावी म्हणतो. हवालदार त्याच संध्याकाळी लूनावर बसून गावाला जायला निघाले. पंचाहत्तरीच्या माणसाला आम्ही कसंबसं थांबवलं आणि सकाळी गाडीनं नेलं.

ती खोली पाहून मी पहिल्यांदा त्यांना गोंधळलेलं पाहिलं. कापसाला कोरडी हवा पाहिजे. खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि १२ च्या वर गेला की सरकारी खरेदीत घेतच नाहीत. म्हणजे पाण्याचा थेंब नको. उंदीर नको. शेजारच्या चुलीची ठिणगी नको. आणि बारीक जाळी लावली तर कापसाचा पिंजर तिच्यावर बसून आठवड्यात ती गोधडी होते. काकाजी खोलीच्या दारात उकिडवे बसले. उदबत्ती काढायला हात खिशाकडे गेला, कापसाकडे पाहिलं आणि हात तसाच मागं घेतला. बराच वेळ नुसते बघत होते. शेवटी म्हणाले, "रात्री झडप बंद, पावसात बंद, कोरडं उन्ह पडलं की उघडी. इथं पक्की पट्टी नाई चालत. इथं मानूस पाह्यजे."

"म्हन्जे मीच का?" भाऊ म्हणाले.

"हाव. तुमालेच दोरी लावून देतो."

दोरी लावूनही दिली. भाऊ आता रोज सकाळ-संध्याकाळ ती ओढतात आणि गावात त्यांना लोक शिपाई म्हणतात.

माझ्या घराची वास्तुशांती झाली. काकाजींनी उदबत्ती पेटवली. धूर दिवाणखान्यात दोन क्षण रेंगाळला, मग जणू कुणी हाक मारल्यासारखा जिन्याकडे वळला आणि सरसर वर गेला. "जित्ती हाय!" ते इतक्या जोरात ओरडले की भटजींचा मंत्र चुकला. आम्ही त्यांना शाल, श्रीफळ दिलं. टाळ्या वाजल्या. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून आली, सगळ्या खोल्यांतून वर बघत फिरली आणि शांतपणे म्हणाली, "काकाजी, मी मोजल्या. एकूण छासष्ट पट्ट्या आहेत. दोन्ही बाजू धरल्या तर एकशे बत्तीस. ह्या पुसणार कोण?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. गेल्या सहा महिन्यांत त्यांनी पाऊस मोजला होता, वारा मोजला होता, पट्टी किती खाते, जाळी किती खाते, उन्हाळ्यात सूर्य कुठल्या भिंतीवर किती वाजता येतो, सगळं. यावर मात्र त्यांच्याकडे आकडा नव्हता. पुरणपोळ्या त्यांनी त्या दिवशी दोनच खाल्ल्या.

आठवड्यानं मी पेढे द्यायला त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच आत जात होतो. ते नेहमी दुसऱ्यांच्याच घरात असतात. आत पाऊल टाकलं आणि मला दम लागल्यासारखं झालं. वर पाहिलं. दिवाणखान्याच्या व्हेंटिलेटरमध्ये एक मोरपंखी शाल कोंबलेली. स्वयंपाकघराच्या वर जरीकाठाची लाल. मोरीच्या झडपेत आमची, गेल्याच आठवड्यातली, घडीची छाप अजून न मोडलेली.

काकू म्हणाल्या, "सत्कारात शालीच देतेत. इथं थंडी कितीक पडते मास्तर? धूड मात्र रोज पडते. याईले हवा पाह्यजे. हवेसंगं धूड येते, ते कोन पुसते? चाळीस वर्षं म्या पुसली. आता म्हटलं, पुरे. हे रात्री काढतेत, मी सकायी पुन्हा भरतो."

काकाजी खुर्चीत बसून पेढ्याच्या कागदाची घडी करत होते. मी बघतोय हे पाहून म्हणाले, "पायलं ना मास्तर. घरातच गस्त घालाची राह्यली." मग उठले, स्टूल ओढलं, मोरीच्या झडपेखाली ठेवलं आणि वर चढले. स्टूलवर उभं राहून आमची शाल हलकेच ओढून काढली आणि माझ्याकडे न बघता खांद्यावर टाकली. मागच्या पट्ट्यांवर राखाडी थर होता. बोटानं एका पट्टीवर रेघ ओढून त्यांनी बोट उजेडात धरलं.

"आकरा पट्ट्या हायेत," ते म्हणाले. "दोन बाजू. बावीस. एका पट्टीले अर्धा मिनिट धरलं तं..."

"बोलू नका," काकू आतून येत म्हणाल्या. त्यांच्या एका हातात साबणाच्या पाण्याची बादली होती, दुसऱ्या हातात जुना, टाचेला फाटलेला, राखाडी पायमोजा. तो त्यांनी वर धरला. "हा हातात घाला आन् एकेक पट्टी बोटं फिरवून पुसा. हं, घ्या. मोजा."